पाइपातली मऊ जागा

दाजी,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच आला. भीमेच्या घाटावर आम्ही पिंड ठेवून नीट मागं सरकलोही नव्हतो, तेवढ्यात तो उतरला आणि शिवून गेला. लोक खूश झाले. "समाधानी माणूस," कुणीतरी म्हणालं. "मागं काई राहिलं न्हाई बघा." ताईनं डोळ्याला पदर लावला. मीही मान हलवली, पण मला काही ते पटलं नव्हतं. तुम्ही आणि समाधानी? पाइपाचं काय झालं हे कळल्याशिवाय?

मला वाटलं होतं, तुम्ही आम्हाला उन्हं कलेपर्यंत बसवून ठेवणार. मी तर मनात वाक्यही जुळवून आलो होतो. "दाजी, पाइप गरम करून तपासतो, मगच कामाला काढतो." ते म्हणायची पाळीच आली नाही. म्हणून आता लिहायला बसलोय.

त्याच घाटावर शिरूरच्या एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "कारखान्यातनं सुटल्यावर दाजी काय करायचे?" मी म्हटलं, "गालिचे धुवायचे." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा नदीकडं. तुम्ही गालिचा खांद्यावर टाकून घाटावर येताय आणि दगडावर आपटताय, असंच काहीतरी बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढं आलं असणार. मग मी तिथंच उभ्या उभ्या त्याला आपलं मशीन समजावून सांगितलं. टेम्पोत मशीन असतं, ते साबणाचं पाणी पार उकळीपर्यंत नेतं. एक बारीक पाइप ते पाणी दाबानं गालिच्यापर्यंत पोचवतो आणि एक जाड पाइप मळकं पाणी ओढून परत आणतो. जाड पाइप फाटला तर नुसता आवाज होतो. बारीक फाटला तर माणूस भाजतो. "म्हणून दाजींचा सगळा जीव त्या बारीक पाइपात आहे," मी म्हणालो, आणि 'होता' म्हणायचं राहून गेलं.

तुम्ही साखर कारखान्यात बायलरवर होतात. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, तुम्ही पुण्याला गेलात आणि एक जुनं मशीन टेम्पोत घालून आणलंत. ताईनं दारातच विचारलं, "हे काय आणि?" तुम्ही म्हणालात, "बायलरच हाय. त्यो म्हातारा व्हता, ह्यो लेकरू हाय." दौंडात गालिचा असलेलं घर शोधायलाच आपल्याला वर्ष लागलं असतं. पण तुमचा डोळा रांजणगावच्या कंपन्यांच्या गेस्ट हाउसांवर होता, आणि रस्त्याकडेनं उगवलेल्या एसी मंगल कार्यालयांवर. मला भागीदारीत घेतलंत, कारण माझं शिरूरला झेरॉक्सचं दुकान, म्हणजे मला इंग्रजी येत असणार असा तुमचा समज. मला इंग्रजी झेरॉक्स करता येतं दाजी, वाचता येतं असं नाही. पण आमच्या घरातूनही जोर लावला गेला. "दुकानात पंख्याखाली बसून पोट सुटलंय, तिथं निदान घाम तरी येईल," ही म्हणाली. अशा रीतीनं मी उद्योजक झालो. उद्योग काय, तर पाइपाचं दुसरं टोक धरायचं.

मशीनबरोबर आलेला पाइप चिरलेला होता. नवा आणायला पुन्हा पुण्याला कोण जाणार? आपल्याकडं तर घरोघरी फवारणीचा पाइप. तुम्ही शेजारच्या आप्पांचा डाळिंबावर औषध मारायचा पिवळा पाइप उचलून आणलात. "दाब सोसतो का? सोसतो. मग झालं तर." ही युक्ती आपल्या भागातल्या माणसालाच सुचावी. आणि ती मला ताबडतोब पटली, हे त्याहून विशेष.

रांजणगावच्या त्या गेस्ट हाउसात तुम्ही गालिच्यावर पाणी मारायचा दांडा धरून हॉलमध्ये होतात, मी बाहेर मशीनपाशी. थोड्या वेळानं पाइप मधेच फुगायला लागला, उंदीर गिळलेल्या सापासारखा. मी ओरडलो, "दाजी, पाइपाला दिवस गेलेत!" तुम्ही दांडा टाकून पळालात, मी मशीनचं बटण शोधत राहिलो, आणि पाइप दांड्याच्या कपलिंगातून, म्हणजे जोडातून, सुटून गरम पाण्याचा फवारा थेट छताला लागला. कुणाला भाजलं नाही एवढंच नशीब. पण त्या पाइपात कित्येक हंगामांचं औषध मुरलेलं. सगळ्या गेस्ट हाउसात असा वास सुटला की डोळे चुरचुरायला लागले. तिथला साहेब नाकाला रुमाल लावून धावत आला. "ये बदबू कैसी है भाई?" तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालात, "साब, अब खटमल का टेन्शन न्हाई." तो हसला म्हणून आपण सुटलो.

परतीच्या वाटेवर न्हावऱ्यापर्यंत पोचलो. तिथं टेम्पो कडेला घेऊन म्हणालात, "पाव्हणं, दाब येगळा आन् ताप येगळा. आपण दाब बघितला. ताप कुणी बघायचा?"

मग तुम्ही पाइप घ्यायला निघालात ते मुलगी बघायला निघाल्यासारखे. धुतलेली टोपी, खिशात पेन, आणि पिशवीत थर्मास. मला वाटलं चहा आहे, म्हणून मी वाटेत दोनदा मागितला. दुकानदारालाही तसंच वाटलं, त्यानं कप मागवले. त्याच्याकडं तीन-चार प्रकारचे पाइप होते. त्यानं तोंडपाठ सांगायला सुरुवात केली, हा इतका दाब घेतो, हा इतकी गरमी घेतो. तुम्ही त्याला थांबवलंत. "येगळं येगळं नगा सांगू. चांगला तापल्यावर दाब किती सोसतो, त्ये सांगा." तो कागद शोधायला लागला. तोवर तुम्ही नमुन्याच्या तुकड्याच्या कापलेल्या तोंडात डोळा घालून बघत होतात. आतली नळी, मधली तारेची जाळी, वरचं कवच. मग थर्मास उघडलात. त्यात उकळतं पाणी होतं. ते तुकड्यातून ओतून, तुकडा गरम असतानाच वाकवून बघितलात. एक तुकडा काटकोनात मोडला, तो बाजूला. दुसरा कमानीसारखा वळला, तो पसंत.

राहिलं कवच. गालिच्यावरून ओढताना डाग पडतो का, हे बघायला दुकानात गालिचा नव्हता. तुम्ही इकडं तिकडं बघितलंत आणि मग माझ्याकडं. मी पांढरा शर्ट घातला होता. नवा. काळा पाइप माझ्या पोटावर घासलात, लांबच्या लांब काळा पट्टा उमटला. निळा घासलात, काही नाही. "ह्योच द्या," म्हणालात. तो शर्ट अजून कपाटात आहे दाजी. ही फेकायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे, कंपनीचं टेस्टिंग सर्टिफिकेट आहे ते.

मी म्हणत होतो लांबलचक घेऊ, टेम्पो गेटबाहेर लावला तरी चालेल. तुम्ही म्हणालात, "लांब पाइपात पाणी वाटंतच गार व्हतंय. टेम्पो दारापतूर न्यायचा, आन् वॉचमनशी गोड बोलायचं." वॉचमनशी गोड बोलायचं काम अर्थातच भागीदाराचं.

त्या निळ्या पाइपाचे तुम्ही जेवढे लाड केलेत तेवढे कुणी जावयाचेही करत नाही, आणि हे मी मेव्हण्याच्या नात्यानं सांगतोय. काम संपलं की आधी त्यातून साधं पाणी सोडायचं, साबणाचा अंश ठेवायचा नाही. मग पाणी काढून टाकायचं. दाराच्या उंबऱ्यावर कड लागू नये म्हणून तिथं पोत्याची घडी. कुणी त्याच्यावर पाय ठेवला तर तुमच्या तोंडून असा आवाज यायचा, जणू तुमच्याच पायावर पाय पडलाय. कपलिंगातली रबरी रिंग वाळलेली दिसली की बदलून टाकायची, गळायची वाट बघायची नाही. खिळ्याला टांगायचा नाही, म्हणून टेम्पोच्या चाकाची जुनी रिंग तुम्ही पडवीतल्या भिंतीला ठोकलीत, उन्हापासून लांब. पाहुणे यायचे, विचारायचे, "हे कशाला?" ताई सांगायची, "ह्यांच्या धाकट्या बायकोचा झोपाळा."

आणि सगळ्यात शेवटी ती चाल. दाब उतरवलेला, पाइप अजून कोमट, आणि तुम्ही ओला फडका घेऊन मशीनच्या टोकापासून निघायचात. पाइप तळहातातून सरकवत, एक एक वीत चाचपत, कुठं फुगवटा, कुठं मऊपणा, कुठं खरचटलेलं. डोळे भलतीकडंच. "डोळ्याला दिसंस्तवर उशीर झाल्याला असतो," म्हणायचात. मी दुसऱ्या टोकाला वेटोळी घालत उभा. आपल्या सगळ्या गप्पा त्या चालीतच झाल्या. माझ्या मुलीचं लग्न, तुमची साखर, ताईचे गुडघे, सगळं. तुम्ही दूरच्या टोकाला असताना मोठ्यानं बोलायचात आणि जवळ येईल तसा आवाज उतरायचा. त्यामुळं घरचं गुपित आधी सगळ्या कंपनीला कळायचं आणि मग मला.

भांडणही तिथलंच. वेटोळ्यांचं. मी आपला विहिरीच्या दोरासारखा खांद्यावरून कोपराखालून गुंडाळायचो. तुम्ही तळमळायचात. "एक सरळ, एक उलटा, पाव्हणं! पीळ बसतो." मी म्हणायचो, "दाजी, काही फरक पडत नाही." तुम्ही माझ्या हातातून घेऊन सगळं सोडायचात आणि परत घालायचात. एवढी वर्षं आपण हे केलं. तुम्ही मला शिकवणं सोडलं नाहीत, मी शिकलो नाही.

मग ती मऊ जागा आली.

दौंडला तुमच्या दारातच होतो आपण. चालता चालता तुम्ही थांबलात. "हितं मऊ लागतंय." मी येऊन चाचपलं. मला काही लागलं नाही. तुम्ही खिशातून विजेच्या कामाची पिवळी चिकटपट्टी काढून तिथं एक वेढा दिलात. पुढच्या कामाला दुसरीच जागा मऊ लागली. तिथं पट्टी. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी तिसरी. निळ्या पाइपावर पिवळे वेढे वाढायला लागले. मी म्हटलं, "दाजी, मऊ जागा फिरतेय. पाइपात उंदीर शिरलाय का?" तुम्हाला राग आला. तळेगाव ढमढेऱ्याच्या कार्यालयाचं काम तोंडावर होतं आणि तुम्ही हटून बसलात. "तपासल्याबिगर वापरायचा न्हाई."

"मग टाकून देऊ, नवा घेऊ."

"तपासल्याबिगर टाकायचा बी न्हाई."

"दाजी, पाइपाला काही झालेलं नाही. तुमच्या हाताला भास होतोय."

तुम्ही फडका खाली ठेवलात. हाताकडं बघितलंत, उलटा करून, सुलटा करून. मग म्हणालात, "सोमवारी या. गरम करून बघू. मग कळंल कुणाला भास व्हतोय त्ये."

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. तुम्ही अंघोळीला पाणी काढायला उठला होतात आणि पलंगाच्या कडेलाच बसलात, ते बसलेलेच गेलात. डॉक्टर म्हणाले हार्ट. साखरेच्या पेशंटना कधी कधी छातीत दुखतही नाही म्हणाले.

तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि तळेगावच्या कार्यालयवाल्या शेठचा फोन आला. आवाज चोरून बोलत होता बिचारा, पण लग्नाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. मी म्हटलं, दुसरं कुणीतरी बघा. ताई शेजारीच होती. तिनं फोन घेतला. "येतो आम्ही," म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तू आन् मी. दांडा मी धरते."

"ताई, उकळतं पाणी असतं त्यात."

"मग मी काय आजवर बर्फ रांधलाय व्हय रं बंडू?"

पन्नाशी ओलांडली तरी मी या घरात बंडूच. पण मी पडवीतल्या पाइपाकडं बघितलं. दांडा ताईच्या हातात असणार, पाइप तिच्या पायाशी असणार, आणि त्या पाइपात मऊ जागा आहे असं सांगून तुम्ही गेला होतात. तुम्ही खरे असाल तर ताई भाजणार होती.

म्हणून आम्ही तुमची सोमवारची तपासणी केली. वार वेगळा होता एवढंच. अंगणात पाइप लांब पसरला. मी रेनकोट घातला, हेल्मेट घातलं, हातात गाडीचे कातडी मोजे. भर उन्हात. शेजारचे आप्पा कुंपणावरून म्हणाले, "बंडोपंत, चंद्रावर निघाला का?" मी काच खाली ओढली. मशीन चालू केलं, ताप चढवला, दांड्याचा खटका बंदच ठेवून दाब चढवला, आणि आम्ही दोघं पडवीच्या खांबाआड उभे राहून बघत राहिलो.

दाजी, तुम्हाला खरं सांगतो, पाइप फुगावा म्हणून मी देवाला हात जोडले. एका जागी, कुठल्याही, बोराएवढा तरी फुगवटा यावा. म्हणजे मला म्हणता आलं असतं, "दाजींनी वाचवलं." दहाव्याला सांगायचं राहिलेलं वाक्य मग मी अंगणातच मोठ्यानं सांगितलं असतं. पाइप सरळ पडून राहिला. पिवळ्या पट्ट्या गरम होऊन सुटल्या, एक एक करून जमिनीवर गळल्या, पहिली तेवढी राहिली. मी दाब उतरवला आणि कोमट असतानाच मोजे काढून टोकापासून टोकापर्यंत चाचपत गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. ज्या ज्या जागी तुम्ही थांबला होतात तिथं तिथं अंगठ्यानं जोर लावून बघितलं.

"हाय का मऊ?" ताईनं विचारलं.

"न्हाई. कुठंच न्हाई."

"मग त्यान्ला काय लागत व्हतं?"

मी पाइप खाली ठेवला. ताई पायरीवर बसली. स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मागल्या महिन्यात फिरून घरात आले, तर एका पायात चप्पलच न्हाई. म्हणलं, कुठं टाकली? त्यान्ला पत्ताच न्हाई, खाली बघितलं तवा कळलं. आन् चहाचा गलास... मला धरवंना, एवढा कढत, आन् ह्ये आपले मुठीत धरून बसलेले. मी म्हणलं, बायलरवरचे हात हायेत, सवय आसंल."

तेव्हा मला कळलं दाजी. मऊ जागा पाइपात नव्हतीच. ती साखरेनं बधिर होत चाललेल्या तुमच्या बोटांत होती. म्हणून ती फिरत होती. तुम्ही आठवड्यामागून आठवडे सांगत होतात की काहीतरी मऊ लागतंय, आणि आपण दोघं मिळून पाइप तपासत होतो. पाइपाची तुम्ही कधी हयगय केली नाहीत. तेवढा वेळ त्या हातांना मिळाला असता तर, असं मनात येतं, आणि मग तुमचंच तोंड दिसतं. दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचात, हेही मला आठवतं. भांडण मी जिंकलो. इतकं वाईट मला एवढ्या वर्षांच्या हरण्यात कधी वाटलं नव्हतं.

तळेगावला गेलो आम्ही. ताईनं साडीवर तुमचा कारखान्याचा खाकी शर्ट चढवला होता, बाह्या दुमडून. उंबऱ्यावर पोत्याची घडी तिनंच घातली, मला सांगावं लागलं नाही. पहिल्या पट्ट्यातच गालिच्याचा खरा रंग वर आला, तेव्हा शेठ म्हणाला, "अरे, हा मरून आहे होय? मी चॉकलेटी समजत होतो." ताई हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

काम संपलं. साधं पाणी सोडलं, पाणी काढलं, आणि मी ओला फडका घेऊन मशीनपासून चालायला लागलो. पलीकडच्या टोकाला ताई वेटोळी घालत होती, खांद्यावरून कोपराखालून, अगदी मी घालायचो तशी.

"ताई! एक सरळ, एक उलटा!" मी एवढ्यानं ओरडलो की वॉचमन खुर्चीतून उठला.

"का? तूच तर म्हणायचास, काई फरक पडत न्हाई."

"पडतो. पीळ बसतो. पीळ बसला की तिथंच मोडतो आन् मोडला की तिथंच फुटतो."

तिनं सगळी वेटोळी सोडली आणि पहिल्यापासून घालायला लागली. एक सरळ, एक उलटा. हे भांडण तुम्ही जिंकलात, दाजी.

तिच्यापर्यंत यायला थोडं अंतर राहिलं होतं तेव्हा हाताला ती पट्टी लागली. पहिली, एकटी राहिलेली. तिचाही डिंक सुटत आला होता. मी ती सोलून काढायला लागलो. पाइप चांगला आहे, मग खूण कशाला?

"काढू नको," ताई म्हणाली.

तिनं खाकी शर्टाच्या खिशात हात घातला. तुमचंच पिवळं बंडल निघालं. तिनं दातानं तुकडा तोडला, जुन्या पट्टीवरच नीट गुंडाळला आणि मला म्हणाली, "घट्ट दाब."

मी दाबलं. पाइप अजून कोमट होता. अंगठ्याखाली कडक लागला.